कडेचा पांढरा पट्टा

तर त्या मुलीला घरी आणि कॉलेजात सगळे थिअरी म्हणायचे. नाव पाडलं तिच्या दादानं. झालं असं की ती एकदा गळणाऱ्या नळापुढे गालावर हात ठेवून बसली होती, थेंब सुटायच्या आधी लांब का होतो आणि सुटल्यावर गोल का होतो ते बघत, आणि दादा मागून आला, पान्यानं नट पिळला, नळ बंद केला आणि म्हणाला, "संपला सिनेमा. उठा आता, थिअरीबाई!" झालं, चिकटलं ते. तिनंही सोडलं नाही हं, ती त्याला हातोड्या म्हणायला लागली. दोघांत अंतर जेमतेम दीड वर्षाचं, भांडण मात्र अखंड. आई म्हणायची, "तुम्हा दोघांना एका पिशवीत घालून हलवलं ना, तर एक धड शहाणा माणूस बाहेर पडेल."

आता आई थट्टेनं म्हणायची, पण खरंच तसा एक कोर्स निघाला होता. विद्यापीठ आणि टेक्निकल इन्स्टिट्यूट, दोघांनी मिळून काढलेला जोडकोर्स. सकाळी बी.एस्सी. करायचं, दुपारी मटेरियल्स इंजिनिअरिंगचा डिप्लोमा, मधल्या बसमध्ये मांडीवर डबा उघडून जेवायचं आणि शेवटी पदवीही घ्यायची, डिप्लोमाही घ्यायचा. दादा नुसता डिप्लोमाला होता, थिअरी नुसती बी.एस्सी.ला. दादा तिच्या मागे लागायचा, "दुपारची तू पण ये की तिकडं. घरी येऊन लोळतेसच ना?"

"नखं काळी होतात तिथं."

"आणि इथं मेंदू पांढरा पडतोय, त्याचं काय?"

तिनं उशी फेकून मारली. विषय संपला. त्या दोघांचे सगळे विषय असेच संपायचे.

बाबांचं स्प्रिंगचं वर्कशॉप होतं. गादीतल्या नाजूक स्प्रिंगा नाहीत हं, ट्रेलरच्या खाली, मोठ्या फाटकांना, मशीनच्या पायांना लागतात त्या, बोटाएवढ्या जाड तारेच्या. तार भट्टीत लाल करायची, लोखंडी दांड्यावर गरागरा गुंडाळायची, तेलात बुडवायची, की मोठ्ठा चर्र आवाज आणि धूर, मग पुन्हा हलकी तापवून निवत ठेवायची. ती भट्टी बाबांनी स्वतः विटा रचून बांधली होती, लग्नाच्याही आधी. आई पाहुण्यांना सांगायची, "घरात सवत मी आहे. पहिली ती." आणि बाबा खरंच सकाळी आल्या आल्या भट्टीच्या दारावर एक थाप मारायचे, जसं कोणी म्हशीच्या पाठीवर मारतं.

तार द्यायचे तारवाले काका. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. दादाला सायकल त्यांनी शिकवलेली, थिअरीला दहावीला घड्याळ त्यांनी दिलेलं. आले की आधी हाक मारायचे, "आहे का रे जिवंत?" आणि बाबा आतून ओरडायचे, "तुझी तार वापरून कोण जिवंत राहतं!" ही त्यांची रोजची करमणूक, सगळ्या गल्लीला पाठ.

आणि मग स्प्रिंगा परत यायला लागल्या. तुटून. पहिल्यांदा एक आली, बाबांनी हसण्यावारी नेलं, म्हणाले गिऱ्हाइकानं ट्रेलरमध्ये हत्ती भरला असेल. मग आणखी आल्या. मग ज्या गिऱ्हाइकानं आयुष्यात दुसरीकडे स्प्रिंग घेतली नव्हती तोच दारात तुटके तुकडे ठेवून निघून गेला. त्या दिवशी जेवताना आईनं दोनदा वाढलं तरी बाबांचं ताटाकडे लक्ष नाही.

तिथं, त्या ताटांवरच, दोघा भावंडांची जुंपली.

दादा म्हणाला, "तारेत घाण असणार. पोलाद ओतताना कचरा राहतो आत, बारीक बारीक. तिथून भेग निघते."

थिअरी म्हणाली, "तुकडे बघितलेस का तू? सगळ्या भेगा बाहेरच्या सालीवरून सुरू झाल्यात. घाण काय फक्त सालीवरच बसते? मला वाटतं कार्बन जातोय. तापलेल्या पोलादाला हवा लागली की वरच्या थरातला कार्बन जळून जातो, साल मऊ पडते. मी गणित केलंय, इतकी उष्णता, इतका वेळ, थर केवढा होईल ते सरळ निघतं. भट्टीचं दार नीट बसत नसेल तर…"

"ए," दादा म्हणाला. एवढंच. आणि डोळ्यांनी बाबांकडे खूण केली.

बाबा मान खाली घालून पाणी पीत होते. त्यांनी ऐकलं की नाही, देव जाणे.

नंतर गॅलरीत दादानं तिला गाठलंच. "भट्टीबद्दल बाबांसमोर बोलायचं नाही."

"आणि खरं असलं तर?"

"तर सिद्ध कर. वहीतल्या गणितानं नाही, धातूवर दाखव. तुला तर सँपल कसं कापतात ते पण माहीत नाही. मी बघतो. आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप आहे, मी तुकडा कापतो, घासतो, बघतो आणि सांगतो. जे दिसेल ते."

"जे दिसेल ते?"

"जे दिसेल ते, माझे आई."

आणि त्यानं बघितलं. काही दिवसांनी तो घरी आला, बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसला, चेहरा ओढलेला, आणि बाबांना म्हणाला, "बघितलं बाबा. तारेत घाण आहे." थिअरीला म्हणाला, "हरलीस." पण ते 'हरलीस' काही नेहमीसारखं नव्हतं. नेहमी कसा, नाचून दाखवायचा. तिला वाटलं दमलाय. तिलाही राग आला होता, ती उठून आत गेली. खरं सांगायचं तर तिला हरल्याचाच राग आला होता, बाकी काही डोक्यात आलंच नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी तारवाल्या काकांना बोलले. काय बोलले ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. काका आधी नेहमीची करमणूक समजून हसत होते, मग त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि मागचं सगळं विझलं. "अरे, माझी तार? मी तुला खराब तार देईन?" बाबा म्हणाले, "माझ्या पोरानं मायक्रोस्कोपखाली बघितलंय. तू काय शपथा घालतोस!" काका आल्या पावली परत गेले. तार दुसरीकडून यायला लागली.

आणि दादा दमला नव्हता. आजारी होता. रक्ताचा आजार निघाला, तोही असा की डॉक्टर बोलताना खिडकीकडे बघायचे. पुढचं मी भरभर सांगते, कारण ते भरभरच झालं. हॉस्पिटल, मग घर, मग पुन्हा हॉस्पिटल. थिअरी त्याच्या उशाशी बसून पुस्तक वाचायची आणि तो म्हणायचा, "मोठ्यानं वाच, मला झोप लागते त्यानं." एकदा तिनं विचारायला तोंड उघडलं, "हातोड्या, त्या सँपलमध्ये तू…" आणि त्यानं डोळे मिटले. झोपला की मिटले, तिला कळलं नाही. परत विचारीन म्हणाली. परत काही वेळ आली नाही.

तो गेला तेव्हा सगळे आले. तारवाले काकाही आले. दारात उभे राहिले, चपला काढायच्या की नाही ते न कळून एक काढलेली, एक पायात. बाबा उठले, दारापर्यंत गेले, आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून. आई "अहो!" म्हणाली, पण कडी लागली होती.

आता ऐका. तार बदलली, माणूस बदलला, सगळं बदललं आणि स्प्रिंगा तरी तुटतच राहिल्या. बाबा म्हणायचे, "हल्ली सगळ्यांचीच तार तसली." आणि थिअरी ते ऐकून ताटातलं बोटानं इकडून तिकडं करत बसायची. तिच्या डोक्यात एकच. दादा म्हणाला, घाण आहे. दादा खोटं बोलत नाही. पण दुसऱ्याची तारही तुटते. मग?

ती जोडकोर्सला गेली. सत्र सुरू होऊन गेलं होतं, तरी घेतलं तिला, बी.एस्सी.चे झालेले विषय धरले आणि दुपारी यायला सांगितलं. आई म्हणाली, "दोन दोन शिक्षणं? झेपेल का गं?" ती म्हणाली, "एक माझं आहे, एक त्याचं." एक डबा कमी भरायची सवय आईला अजून लागलेलीच नव्हती, ती दोनच भरायची, दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही थिअरीच्या पिशवीत गेले.

पहिले दिवस म्हणजे नुसती फजिती. सकाळी विद्यापीठात ती फळ्यावर अणूंच्या उड्यांचं समीकरण सोडवायची, मॅडम म्हणायच्या वा, आणि दुपारी त्याच मुलीला साधा पोलादाचा तुकडा सपाट घासता येईना. तिच्या शेजारी एक चष्मिस नावाचा मुलगा होता, तो तिच्या सँपलकडे बघून म्हणाला, "हे सँपल आहे का घसरगुंडी?" लॅबच्या सरांना सगळे बारीक सर म्हणायचे. अंगानं काही बारीक नव्हते हं, चांगले भरलेले, पण कोणाचंही काम दाखवलं की एकच वाक्य: "अजून बारीक." म्हणजे अजून बारीक कागदावर घास.

काम असं असतं. धातूचा तुकडा कापायचा, प्लॅस्टिकच्या भुकटीत दाबून त्याची गोल वडी करायची, नाहीतर हातात धरता येत नाही. मग खरखरीत कागदावर घासायचा, मग कमी खरखरीत, मग आणखी. प्रत्येक कागदाला तुकडा पाव वळणानं फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण गेले की पुढचा कागद. शेवटी मखमलीसारख्या कापडावर, आरशासारखा होईपर्यंत. मग ॲसिड लावायचं, अगदी थोडं, आणि धुवायचं. मग मायक्रोस्कोप. बोलायला सोपं आहे. तिची नखं पहिल्याच आठवड्यात काळी झाली. तिनं ती घासून धुतली नाहीत.

थोडा हात बसल्यावर तिनं प्रोजेक्ट मागितला. स्प्रिंगा का तुटतात. बारीक सर तिच्याकडे बघत राहिले. "हा तर त्याचा होता."

"म्हणूनच."

सरांनी खण उघडला. आत कापसावर वड्या ओळीनं ठेवलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा दादाच्या. "ह्या मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवतो," सर म्हणाले, "काम कसं करायचं ते बघा म्हणून. असा हात गेल्या कित्येक वर्षांत बघितला नव्हता." मग त्यांनी मागची एक वडी काढली. "ही तुमच्या स्प्रिंगची."

तिनं ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. जरा वेळ नुसताच उजेड हलत राहिला. मग दिसलं. मधोमध, स्वच्छ. दोन-चार करडे ठिपके. घाण. होती की! पण तिनं एव्हाना बऱ्याच तारा बघितल्या होत्या, आणि एवढी घाण प्रत्येक तारेत असते, चांगल्यातल्या चांगल्या. एवढ्यानं काही तुटत नाही. तिनं तुकडा हळूच सरकवला. कडेकडे. साल दिसायला हवी ना, भांडण तर सालीचंच होतं. आणि कडेला आल्यावर सगळं धूसर झालं. फोकस फिरवला, तरी धूसर. उलटा फिरवला, आणखी धूसर.

"सर, दिसत नाही."

सरांनी डोळा लावला. "कड गोल झालीय." म्हणजे काय, तर प्लॅस्टिक मऊ, पोलाद कडक. घासताना मऊ भाग आधी झिजतो आणि पोलादाची कड आधार सुटून उतरती होते. मायक्रोस्कोपला लागतं सपाट, उतारावरचं त्याला दिसत नाही. "कड बघायची असली तर शेजारी एक पोलादाचा तुकडा टेकवून वडी करतात. म्हणजे झिजायचं ते त्यानं झिजावं. हे तर त्यानंच तुमच्या चष्मिसला शिकवलंय."

सरांनी वडी मायक्रोस्कोपखालून काढली.

थिअरी म्हणाली, "मग त्यानं स्वतः का नाही केलं?"

सर वडी हातात फिरवत राहिले. "आजारी होता गं," ते म्हणाले. "तेव्हा आम्हाला कुठं माहीत होतं. हात चालत नसेल."

हात चालत नसेल. हो. असेल. पण बाकीचं काम बघा ना, मधला भाग आरशासारखा, एक ओरखडा नाही. ज्याचा हात चालत नाही तो एवढं करतो? मग काय, मुद्दाम? कड दिसूच नये, बाबांच्या भट्टीवर बोट येऊ नये म्हणून? की आधी नीट केली होती, बघितली होती, आणि मग… तिला ते पूर्ण विचार करवेना. ती सँपल धुवायच्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडली. चष्मिस आला, तिच्या शेजारच्या नळावर आपलं सँपल धूत उभा राहिला. बरंच धुतलं त्यानं. अर्धं सँपल वाहून गेलं असेल.

मग तिनं नवा तुकडा कापला. त्याच तुटक्या स्प्रिंगचा, तारवाल्या काकांच्या तारेचा. शेजारी पोलादाची पट्टी टेकवून वडी केली. घासली. सर न बोलावताच येऊन बघून जायचे आणि तिला 'अजून बारीक' म्हणायचे नाहीत, हे तिला फार लागायचं. शेवटी कापूस ॲसिडमध्ये बुडवला, एकदाच फिरवला, धुतलं, वाळवलं, बघितलं.

आत सगळं गडद, दाट, जसं हवं तसं. आणि कडेला, कडेकडेनं, एक पांढरा पट्टा. दुधासारखा. तिथं कार्बन नव्हता. त्या पट्ट्यातूनच एक भेग सुरू होऊन आत गेली होती, केसासारखी.

तिनं विद्यापीठात शिकवतात तसं सगळीकडे मोजलं, एका जागेवर भरवसा नाही ठेवायचा म्हणून. पट्टा सगळीकडे होता. तिच्या त्या जुन्या गणितातून निघालेल्या जाडीच्या इतका जवळ की तिनं परत एकदा मोजलं. मग नव्या तारेची स्प्रिंग बघितली. तसाच पट्टा. तार कोणाचीही असो, भट्टी एकच होती.

जिंकली ती. आता हे कोणाला सांगायचं? ज्याला नाचून दाखवायचं, तोच नाही.

आणि सांगायचंच कशाला, हेही आलं मनात, खोटं कशाला बोला. प्रोजेक्ट बदलता येतो. बाबांना कळणार नाही, आई बोलणार नाही. दादा बरोबर होता, एवढं एकच तर उरलं होतं बाबांजवळ. पण मग तिला ती एक चप्पल काढलेली आणि एक पायातली आठवायची. आणि स्प्रिंगा. आज ना उद्या ट्रेलर भरून जाणाऱ्या कोणाच्या तरी खाली एखादी तुटणार, रस्त्यात.

आईला आधी सांगितलं. आई भांडी पुसत होती. हातातलं भांडं पुसून पुसून झालं तरी पुसत राहिली. म्हणाली, "सांग त्यांना. पण जेवल्यावर सांग. नाहीतर जेवायचे नाहीत."

जेवण झाल्यावर ती वर्कशॉपमध्ये गेली, आणि सांगितलं. सरळ सांगितलं, चाचपडली असती तर रडली असती. भट्टीच्या दारातून हवा आत येते बाबा, साल मऊ पडते, तार चांगली होती.

बाबा उभे होते ते खाली बसले, तारेच्या बंडलावर. "त्यानं बघितलं होतं," ते म्हणाले.

"हो. मीपण बघितलंय."

"त्यानं बघितलं होतं आणि मला सांगितलं होतं!" आवाज चढला. "तू काय, मेलेल्या पोराला नापास करायला गेलीस का तिकडं? दोन दोन शिक्षणं घेतलीस ती ह्यासाठी?"

तिला म्हणायचं होतं बरंच. ती म्हणाली, "तुम्ही या. स्वतः बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा."

"मी नाही येत कुठं."

काही दिवस बाबा तिच्याशी बोलले नाहीत. भट्टी पेटवायचे, पण सकाळची ती दारावरची थाप बंद झाली. एकदा तिनं लांबून बघितलं, ते काडी पेटवून दाराच्या फटीपाशी धरत होते. ज्योत आत ओढली गेली. त्यांनी दुसरी काडी पेटवली, दुसऱ्या जागी धरली. मग पेटी खिशात टाकून नुसतेच उभे राहिले.

आणि मग एका दुपारी, ही लॅबमध्ये सँपल घासतेय, तर चष्मिस म्हणाला, "दारात कोणीतरी आहे बघ तुझ्याकडे." बाबा होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, जसे पालक-सभेला यायचे तसे. बारीक सरांनी स्टूल पुढे केलं, "बसा बसा," आणि काही काम आठवल्यासारखं करून बाहेर गेले. जाताना चष्मिसची कॉलर धरून त्यालाही नेलं.

तिनं आपली वडी लावली. बाबांनी डोळा लावला.

"दिसतंय?"

"माझी पापणी दिसतेय."

"थोडं मागं. डोळा मिटू नका दुसरा."

आणि मग ते स्तब्ध झाले. दिसलं त्यांना. "हे पांढरं?"

"तिथला कार्बन जळून गेला बाबा."

"आणि ही रेघ?"

"भेग. तिथूनच सुरू झालीय."

"सगळीकडे आहे?"

"सगळीकडे."

ते बघत राहिले. मग डोळा न काढताच म्हणाले, "दार मीच बसवलंय ते. लेव्हल लावून." मग हळूच, "म्हणजे त्याची तार…"

"चांगली होती."

"दारात उभा होता गं तो," बाबा म्हणाले. "त्यानं पोराला सायकल शिकवली, माहीत आहे ना? मागे धरून पळायचा. मी दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर." त्यांनी डोळा काढला. डोळ्याभोवती मायक्रोस्कोपच्या नळीची गोल खूण उठली होती. "मी जाईन त्याच्याकडे. तो दार लावेल की उघडेल, त्याचं तो बघेल. मी जाईन."

मग ते बराच वेळ स्वतःचे हात बघत बसले. ती आपली वडी काढायला लागली, तर म्हणाले, "आता त्याचं दाखव."

"कोणाचं?"

"तुझ्या दादाचं. त्यानं बघितलं होतं ते."

आता काय करणार! खण उघडला, वडी काढली. कड सपाट करायला तिनं ती परत घासली नव्हती, तिच्याच्यानं झालंच नव्हतं ते. वडी लावली. बाबांनी डोळा लावला आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "किती स्वच्छ आहे गं! आरसा आहे नुसता."

"हो."

"हे ठिपके म्हणजे घाण का?"

"हो. असते तेवढी."

"म्हणजे होती घाण."

"होती, बाबा."

"आता कड दाखव."

तिनं तुकडा सरकवला. तिला माहीत होतं काय येणार ते. बाबा म्हणाले, "धुरकट झालं. फोकस कर ना."

"ते होत नाही."

"का होत नाही?"

"कड गोल झालीय. घासताना होते तशी."

"त्याच्याकडून?" बाबांनी मान वर केली. "त्याला येत होतं ना हे काम?"

"सगळ्यांत चांगलं. सर अजून त्याच्या वड्या वर्गाला दाखवतात."

"मग?"

थिअरीच्या तोंडात दोन उत्तरं होती आणि त्यातलं खरं कोणतं ते तिलाही माहीत नव्हतं. गणित नव्हतं त्याला, आणि कुठल्या सँपलमध्येही दिसणार नव्हतं. तिनं सरांचं वाक्य उचललं. "आजारी होता बाबा. हात चालत नसेल."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. खूप वेळ. मग हळूच मान हलवली, जसं कोणी दिलेली वस्तू न उघडता घेतो तसं. आणि परत वाकून डोळा लावला. त्यांची बोटं चाचपडत त्या चाकावर गेली, फोकसच्या, बारीक फिरवायच्या. थोडं इकडे. थोडं तिकडे. अजून थोडं. तिनं त्यांना होत नाही म्हणून परत सांगितलं नाही. बाहेर दारापाशी बारीक सर घड्याळ बघत उभे होते, वर्ग थांबला होता, आणि तेही आत आले नाहीत. बाबा आपले फिरवत राहिले.